परातीतलं पाणी

कन्याकुमारीला निघालेल्या हिंदुरावांना कोचीत गाडी बदलायला पाच तास मिळाले. सोबतची मंडळी स्टेशनातच लवंडली. हे मात्र बोटी, जाळी, मिरीची गोदामं मागं टाकत, पत्ता विचारत बंदराजवळच्या बोळात पायी पोचले. तिथं धाकट्या भावाचं, संपतचं, सोनं गाळायचं दुकान होतं. बारा वर्षांत तो कवठे महांकाळला फिरकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

संपतनं चहा पाजला, घरचे बेदाणे ठेवून घेतले. बोलला मात्र मोजकंच. पण निघताना त्यानं पाण्याची परात पुढं ओढली आणि खाली बसून थोरल्या भावाचे पाय स्वतःच्या हातानं चोळून चोळून धुतले.

"आरं, ऱ्हाऊ दे रं लेकरा..." हिंदुराव म्हणाले. बारा वर्षांचा राग त्या पाण्याबरोबर गेला.

कोपऱ्यावर छत्रीची आठवण झाली म्हणून ते माघारी वळले. दाराशी येतात तोच आतून संपतचा आवाज आला. तो बायकोला सांगत होता,



"पाणी फेकू नगंस, फडक्यातनं गाळून घे. माणूस कुणी बी असू दे, पायाला चिकटून सोन्याची धूळ जाती."