सात कळशा

मांडीवर पिठाची थाळी घेऊन शिवदास गाडीत बसले. एवढ्या बसक्या गाडीत म्हातारा माणूस शिरतो म्हणजे आधी डोकं, मग कंबर, मग शिव्या. बसले एकदाचे. थाळीतलं तांदळाचं पीठ त्यांनी तळहाताने सारखं केलं आणि सुनेकडे बघितलं.

"पाइप नको गे. कळशी. सात."

"ठाऊक आहे, बाबा," गौरवी म्हणाली.

ठाऊक नसायला काय झालं. खाणीच्या ट्रकांसाठी ताडपत्र्या शिवणारं घर हे. नवी ताडपत्री इथे अशीच पारखायचे. घरातलं कुणीतरी पिठाची थाळी घेऊन खाली बसायचं, कारागिराने वरून सात कळशा ओतायच्या. पिठात एका थेंबाचा खड्डा जरी पडला तरी सगळी शिवण उसवायची. पीठ कोरडं राहिलं तर त्याच पिठाच्या भाकऱ्या, आणि पहिली भाकरी कारागिराला. चाळीस वर्षं ती शिवदासांच्याच ताटात पडत आली.

आता ट्रक थोडे आणि ताडपत्र्या प्लास्टिकच्या. त्यांच्या शेडीत गौरवी गाड्या धुते, सीटा साफ करते. "पाणी मारूंक कसलो हुन्नर?" असं शिवदास येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, अगदी तिला ऐकू जाईल असं.

ही निळी गाडी डिचोलीच्या दातांच्या डॉक्टरांची. दोन पावसाळे फणसाखाली उभी होती. तिच्या काळ्या कापडी टपावर शेवाळ आणि शेवाळावर खाणीची तांबडी धूळ. टप फाडून नवा बसवा, असं दोन ठिकाणी सांगितलं होतं डॉक्टरांना. गौरवी म्हणाली, आठ दिवस द्या. शेडीवर भंगारवाला डोळा ठेवून होताच, तेव्हा शिवदासांनीही सांगून टाकलं, "एक थेंब आत पडलो, तर सोमवारी शेड भंगारवाल्याक देतलंय." आणि हा माणूस बोलतो तसं करतो, हे अख्ख्या डिचोलीला माहीत आहे.

मऊ ब्रश, साबणाचं कोमट पाणी आणि विणीच्या दिशेने हलका हात. कापडाचा काळा रंग वर यायला चार दिवस लागले. मग एका दुपारी ती जेवायला गेली असताना शिवदासांनी मेणबत्ती घेतली आणि टपावर वीतभर जागा घासून ठेवली. वाईट मनाने नाही हो. त्यांना ते उघडं कापड बघवेना. उभ्या जन्मात त्यांनी मेण चोळूनच पाणी अडवलं होतं. पण मेण लागलं तिथे गौरवीचं पाणी अडवणारं बाटलीतलं औषध मुरेना. ती वर जुने पेपर ठेवून तिन्हीसांजेपर्यंत कोमट इस्त्रीने मेण टिपत राहिली. शिवदास अंगणात पाठ करून बसले होते, पण दर थोड्या वेळाने मान वळत होती. नंतर तिने औषधाचे दोन हात दिले आणि दोन दिवस सावलीत सुकवलं.

"सातवी कळशी हय," शिवदासांनी डोक्यावर बोट दाखवलं. "मी घाण केलेली, थंय."

त्यांनी दार ओढून घेतलं. आतून काचेवर टकटक झाली.

पहिली कळशी, दुसरी, तिसरी. पाणी टपावरून सरळ खाली येत होतं. दर वेळी आतून टकटक, की हिने पुढची भरायची. सहाव्या कळशीला तिचे हात भरून आले.

सातवी तिने नेमकी त्या वीतभर जागेवर ओतली. पाणी पडलं आणि कापडावर उभं राहिलं. अळवाच्या पानावर राहतं तसं, गोल गोल. मग थेंबाला थेंब मिळाला आणि सगळं घरंगळून गेलं. मागे कापड कोरडं. बाटलीवर लिहिलेलं होतं हे, चिंधीवर करूनही पाहिलं होतं तिने. पण अख्ख्या टपावर पाणी असं कापडाला न शिवता जाताना ती पहिल्यांदाच बघत होती. भीती कुठच्या कुठे गेली. रिकामी कळशी धरून ती नुसती बघत राहिली.

टकटक.

"सात झाल्या, बाबा."

टकटक.

तिने आठवी ओतली, मग नववी. दहावीला वाकून काचेतून आत पाहिलं. शिवदासांचं थाळीकडे लक्षच नव्हतं. मान वर, आणि उजवा तळवा टपाला आतून लावलेला.

बाराव्या कळशीनंतर दार उघडलं. थाळीतलं पीठ जसंच्या तसं होतं, सारखं करताना उमटलेल्या बोटांच्या रेघांसकट.

"मेणान आमचा कापड फळीसारखा कडक जायचा," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या मऊच आसा गे. वरसून पाणी पडता ता हाताक कळता. आणि हात सुको." त्यांनी तळवा तिच्यासमोर धरला. मग स्वतःच पुन्हा एकदा बघितला.

"मग शेड?" गौरवीने विचारलं.

ते थाळी घेऊन घरात गेले. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला तशी ती मागोमाग धावली. शिवदास ओट्यापाशी उभे होते, पिठात भसकन पाणी ओतत होते.

"बाबा, द्या इकडे, मी करते."

"बस थंय," ते म्हणाले. "कारागिरान पयल्या भाकरेच्या पिठाक हात लावूचो नसता."

भाकरी एका कडेला जाड झाली, दुसऱ्या कडेला करपली. ती त्यांनी गौरवीच्या ताटात वाढली. दुसरी आपल्याला घेतली.