शेवटची अठरा मिनिटं

पत्र आलं तेव्हा देवराम गांगुर्डे यांनी ते तीनदा वाचलं आणि कपाटातल्या पुस्तकांमागे सरकवलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. उत्तर गेलं नाही. आज पत्र लिहिणाऱ्याची मुलगी सातपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

त्या काळी देवराम कारखान्यात फिटर होते आणि एका साप्ताहिकात टोपणनावाने सिनेमाची परीक्षणं लिहीत. मल्हारी खैरनार या सटाण्याच्या माणसाने पदरमोड करून एक सिनेमा काढला. देवरामांनी लिहिलं, ‘सिनेमा लांबला आहे आणि शेवटाला येईतो दमला आहे.’ संपादकांकडून खरं नाव-पत्ता मिळवून मल्हारीने आठवड्याभरात पत्र धाडलं. ‘आपण म्हणाल तर शेवटची अठरा मिनिटं काढून टाकतो. मुंबईत लावायच्या आत कळवावं.’ देवरामांनी कळवलं नाही. गप्प बसले म्हणजे होकारच, असं समजून मल्हारीने कात्री लावली.

“बाबांनी पुन्हा सिनेमा काढलाच नाही,” तेजस्विनी म्हणाली. “तीनदा लिहायला बसले. शेवटाशी आले की वही मिटायचे.”

देवरामांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“आता ती कापलेली रिळं सापडलीत, काका. सिनेमाची नवी प्रत होतेय. जोडायची की नाही, ते पंधरा दिवसांत ठरवायचंय. बाबा म्हणतात, गांगुर्डे साहेबांना विचार. ते म्हणतील ते.”

“अजूनही?”

“अजूनही! आईचं जन्मात कधी ऐकलं नाही. तुमचं ते एक वाक्य मात्र तोंडपाठ आहे त्यांना.” ती हसली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “तुम्ही फक्त ‘नको’ म्हणा. लोक तो सिनेमा त्या तुटक शेवटासाठीच बघतात. पुण्यात एका पोराने त्यावर प्रबंध लिहिलाय. म्हातारी डबा घेऊन बसमध्ये बसते आणि एकदम अंधार. मुलगा भेटला की नाही, कळतच नाही. काय शेवट आहे! आणि तो खरं तर तुमचा.”

“एकदा दाखव ती अठरा मिनिटं.”

“पुन्हा बघताय? बघा.”

पुन्हा नाही. देवराम ती पहिल्यांदाच पाहणार होते. बाराचा खेळ, अडीचची सातपूरची बस, तीनची पाळी. दोन तासांचा सिनेमा पुरा बघून होई आणि तो त्यांना आखीव वाटे. त्याहून लांब असला की ते सव्वादोनलाच उठत. शेवट त्यांना दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवरचा महेश सांगे. या सिनेमाचा शेवट त्याने एका दमात सांगितला होता, “काही नाय रे, म्हातारी नुसती उभी ऱ्हाते. लय लांबवलंय.” लांब सिनेमांचा शेवट फसतो, हे देवरामांचं मत त्यांच्या वाचकांत गाजलं होतं. कुणी ते भाषणातही वापरलं होतं. त्या मतामागे एक बस होती, हे देवरामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर म्हातारी बसमधून उतरली. कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. भोंगा झाला. माणसं आत जाऊ लागली. ती एकेक चेहरा न्याहाळत होती. डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. गर्दी सरली. मागून एकजण धावत आला. तिने त्याचा दंड धरला, “भाऊ, माझा पोरगा...” त्याने मनगटावरचं घड्याळ तिला दाखवलं, दंड सोडवून घेतला आणि तिच्याकडे न बघता आत पळाला. फाटक बंद झालं. म्हातारी तशीच उभी. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उमटलं की इथे आपल्याला कुणीच काही सांगणार नाही. पुढची सात मिनिटं पडद्यावर फक्त तो चेहरा होता.

“मागे घे,” देवराम म्हणाले. “तो धावत येतो तिथून.”

तिने मागे घेतलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं.

“तो नट नाही हं,” तेजस्विनी म्हणाली. “बाबांनी कॅमेरा इथेच, सातपूरच्या त्या कारखान्यासमोरच्या टपरीत लपवला होता. खराच कुणीतरी कामगार, पाळीला उशीर झालेला. त्याला वाटलं, म्हातारीही खरीच आहे. बाबा म्हणतात, पैसे देऊनही असा माणूस मिळाला नसता. त्याच्यामुळेच शेवट लांबवला त्यांनी. आधी दोनच मिनिटांचा होता.”

देवरामांनी चष्मा काढून पुसला. परत घालायला त्यांना वेळ लागला.

“मग बाबांना काय सांगू? नको ना?”

“तू काही सांगू नकोस, बेटा. मी लिहितो त्यांना.”

“अहो, फोन लावून देते की!”

“नको. त्यांनी पत्र लिहिलं होतं.”

ती गेल्यावर त्यांनी चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला आणि स्वतः चालत जाऊन त्र्यंबक रोडवरच्या टपालपेटीत टाकला. त्यात एवढंच होतं:

‘मल्हारीराव, उशिराबद्दल माफी मागायलाही तोंड नाही. तुमचा शेवट चांगला की वाईट, हे सांगण्याचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, कारण मी तो न पाहताच उठलो होतो. आज पाहिला. जोडायचा की नाही हे तुम्हीच ठरवा, मला विचारू नका. फाटकाशी त्या माउलीचा हात सोडवून पळालेला माणूस मी आहे.’