उसना आवाज

दक्षिण समुद्रातल्या त्या खडकाळ बेटावर वैजयंतीने सकाळीच कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. फर सीलच्या हाका ते तिला मराठीत ऐकवायचं. काल एका मादीचं पिल्लू लाटेने ओढून नेलं होतं आणि तेव्हापासून ती सारखी विचारत होती, "बाळा, कुठे आहेस?"

पलीकडच्या खडकावर आई मेलेलं एक पिल्लू भुकेने मलूल पडलं होतं. वैजयंतीने त्याच्या गळ्यात छोटासा स्पीकर बांधला. त्यात वाहून गेलेल्या पिल्लाचा आधी टिपून ठेवलेला आवाज होता.

"ही फसवणूक आहे," तिचे वरिष्ठ खोतसर म्हणाले.

"सर, सील दुसरीचं पिल्लू जवळ करत नाहीत. मरेल हो हे."

वैजयंतीने यंत्र पुन्हा कानात घातलं आणि स्पीकर सुरू केला.

हाक ऐकताच मादी खडकांवरून धडपडत आली. तिने पिल्लाला हुंगलं आणि ती थबकली.

"तू माझं बाळ नाहीस."

वैजयंतीने स्पीकर बंद केला. मादी चावेल या भीतीने ती पिल्लाला उचलायला धावणार, तोच सरांनी तिचा हात धरला.

पिल्लू आता स्वतःच्या बारीक आवाजात ओरडलं. मादीने समुद्राकडे तोंड करून एक हाक मारली आणि उत्तराची बराच वेळ वाट पाहिली. मग ती पिल्लाशेजारी कुशीवर लवंडली.

"पी," ती म्हणाली.