बसायची जागा

दादा गेल्यावरही वहिनी एकटीच अळंब्या काढायला जंगलात जायची. तिचं हे भटकणं थांबवायचं ठरवून मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर गेले.

उन्मळून पडलेल्या पाइनच्या खोडावर अळंब्यांची नुसती दाटी होती. मधे दोन माणसांपुरती जागा मात्र कोरी.

"इथे आम्ही दम खायला बसतो," वहिनी म्हणाली. "रोज बसल्यावर तिथे काय उगवणार?"

"अगं, दादाला जाऊन तीन वर्षं झाली!"

"हो ना," म्हणत ती दादाची जागा सोडून बसली आणि चाकू पुसू लागली.

आता तिच्या दुसऱ्या बाजूलाही आणखी एक जागा कोरी दिसली. मी हात ठेवला, तर खोड उबदार लागलं.

"आणि ही कुणाची?"

वहिनी हसली. "असं काय करतेस वेड्यासारखं? बस ना, रोज बसतेस तशी."