तिसऱ्या वळणाचा झेंडेवाला

"कुणालाही खरं वाटणार नाही, पण तुझ्या लेकाला मी आज बघितलं!" दारातून आत पाऊल टाकता टाकताच दादाने सांगून टाकलं.

बहिणीने त्याला खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवलं. तापात कान गेल्यापासून ती माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. दादाचं मात्र सोपं होतं. तो मोटारींच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर चालकांना रंगीत झेंड्यांनी इशारे देणारा झेंडेवाला. अर्धं बोलणं हातांनीच करायचा आणि उरलेल्यातलं निम्मं खोटं असायचं. गल्ली त्याला थापाड्याच म्हणायची.

"कुठे बघितलंस?"

"कुठे म्हणजे? स्टँडमध्ये! पहिल्या रांगेत!"

लेक मोर्चाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. रस्त्यावर माणसं मरतायत आणि सरकार पाहुणे बोलावून गाड्या पळवतंय, शर्यत रद्द करा, असं तो जेवताना घास हातात धरून ओरडायचा. मग चौकात गोळीबार झाला. फोन बंद, वीज बंद, वर संचारबंदी. बाहेर पडायचा पास अख्ख्या गल्लीत एकट्या दादाकडे, तोही शर्यतीच्या कामाचा म्हणून. सकाळी तो निघाला तेव्हा तिने त्याचा दंड धरून एवढंच सांगितलं होतं, की माझ्या पोराला शोध.

"पण तो तर शर्यतीच्या विरोधात," ती म्हणाली.

"अगं, विरोध गाडी दिसेपर्यंत! समोरून लाल गाडी अशी सण्णकन गेली आणि मोर्चावाले साहेब पाघळले. टाळ्या काय, शिट्ट्या काय!" दादाने दोन्ही हातांनी गाडी वळवून दाखवली. "आणि शर्यत तरी कसली! एका गाडीचं चाक निखळलं, ते उडून थेट मंत्र्याच्या मांडीत. मंत्री म्हणतो, परदेशी माल आहे, घरी नेतो!"

तिला हसू फुटलं. मग डोळे पुसावे लागले.

दादा उठून मोरीत गेला. हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले.

ती चहाला वळली. ट्रॅकची भिंत तिच्या परसाला लागून होती. गाड्या धावू लागल्या की फळीवरचे कप थरथरत पार काठाशी येत, म्हणून तिने पुढे सुतळी बांधली होती. कान नसलेल्या बाईची शर्यत ती एवढीच. दादाला ही गंमत ठाऊक नव्हती. गाड्या धावत तेव्हा तो वळणावर उभा असे. फळीवर मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रांगेतले दोन कप तिने उचलले आणि खिडकीपाशी परत येऊन बसलेल्या दादाकडे तोंड केलं.

"वाळलाय का रे?"

"छे! आहे तसाच आहे."

"मग घरी का नाही आला?"

"मित्रांना सोडून कसा येईल? सगळी पोरं एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी."

"माझ्यासाठी काही बोलला?"

"त्या गोंगाटात कुणाचं काय ऐकू येणार, बाई!"

धुवायला टाकावेत म्हणून तिने बाकावरची झेंड्यांची गुंडाळी उलगडली. लाल होता, पिवळा होता, निळा होता.

"पांढरा कुठाय?"

दादाचे हात पहिल्यांदाच मांडीवर पडून राहिले.

"त्याला दिला. वर छप्पर नाही, ऊन मी म्हणत होतं. पार डोक्यावरून ओढून घेतला त्याने."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, ते मिटल्यावरही. मग तिने दुसरा कप परत फळीवर, सुतळीच्या मागे ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "शर्यत झालीच नाही. सकाळपासून यातला एकही कप हललेला नाही."