वरचा ओठ

"वडील हायेत ना?" करणनं विचारलं. त्याचा वस्तरा ओमच्या वरच्या ओठापाशी येऊन थांबला होता.

नेवासा फाट्यावरच्या या सलूनमध्ये बाकी सगळं नव्या जमान्याचं होतं. भिंतीवर कानाच्या वर रेघा मारलेल्या पोरांचे फोटो, छताला निळे दिवे, फिरत्या खुर्च्या. गिऱ्हाइकानं मोबाईलमध्ये दाखवावं आणि करणनं तसं डोकं कोरून द्यावं. कुणी केस लाल करून मागितले तरी त्याची ना नव्हती. फक्त ज्याचा बाप जिवंत आहे त्याची मिशी तो काढत नसे. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, दहाव्याला. आधी उतरवली तर ते बापाला जिवंतपणी पोचवणं झालं, असं या भागात मानतात.

ओमला उद्या शिर्डीत हजर व्हायचं होतं. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागली होती. टाय त्यांचा, बूट त्यांचे आणि चेहराही त्यांना हवा तसा, गुळगुळीत. ही नोकरी गेली तर दुसरी कुठं ठेवली होती? पण गावातल्या सलूनवाल्यानं त्याला खुर्चीवरून उठवलं. "कानिफनाथचा पोरगा तू, काय लाज हाय का?" म्हणाला. कानिफनाथ म्हणजे ओमचे वडील. घरात त्यांना तात्या म्हणत. ओमला पहिली लव फुटली तेव्हा या तात्यांनी ती बोटानं चाचपून बघितली होती आणि "आमचा ओम आता बाप्या झाला" म्हणून दूध डेअरीवर सगळ्यांना सांगत सुटले होते. लाजून ओमला दोन दिवस घराबाहेर पडवलं नव्हतं.

फाट्यावर ओळखणारं कुणी नव्हतं. म्हणून तर तो इथं आला होता.

"न्हाईत," ओम म्हणाला.

करणचा चेहरा उतरला. त्यानं आधी गाणं बंद केलं. "कशानं गेले?"

एवढी चौकशी होईल असं ओमला वाटलं नव्हतं. तोंडात आलं ते तो बोलून गेला. "शॉक बसला. विहिरीवरची मोटार चालू करताना."

"लई वाईट झालं," करण म्हणाला आणि त्यानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं. आता त्याचा हात फार हळुवार झाला. इतका, की ओमला ओशाळल्यासारखं झालं. खोटं बोलणं इतकं सोपं जायला नको होतं.

मिशी गेली. आरशात सोललेल्या कांद्यासारखा पांढुरका ओठ दिसू लागला. चेहरा आईवर गेला आहे हे ओमला पहिल्यांदाच कळलं. पटकन उठावं आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर पडावं, असं वाटत असतानाच त्याला आरशात तात्या दिसले.

ते दारात उभे होते. दार वाजलं कसं नाही, ओमला कळेना. आज शेताला दिवसा लाईट होती, या वेळी ते मोटार चालू करून कांद्याला पाणी भरत असायला हवे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पोटऱ्या चिखलानं माखलेल्या. करणची पांढरी फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

ओमनं ओठावर हात धरला. आता कानाखाली बसणार, असं त्याला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. तात्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, मग हळूच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कोन गेलं रं?" त्यांनी विचारलं.

"तात्या, तसं न्हाई..."

करणचा टॉवेल हातातच राहिला. "कोनाशी बोलताय?"

"वडील आलेत माझे. मी खोटं बोललो भाऊ, हे काय, चांगले जिवंत हायेत. त्यांना बसा तरी म्हना."

करणनं दाराकडे पाहिलं. नंबर लावून बसलेल्या माणसानंही मोबाईलमधून मान वर काढून दाराकडे पाहिलं आणि परत खाली घातली. करण रागावला असता तर ओमनं माफी मागितली असती. पण तो कळवळून पाहत होता, आणि त्याचीच ओमला भीती वाटली.

"व्हतं असं," करण म्हणाला. "माझा बाप गेला तवा मला बी लई दिवस दिसायचा. असाच दारात हुबा. बोलू नका त्यांच्यासंगं, त्यांचा पाय निघत न्हाई मग."

"अहो, जिवंत हायेत ते!" ओम ओरडला.

खिशात फोन होता. आईला लावायचा आणि तात्या कुठं आहेत एवढंच विचारायचं. पण ती काय सांगेल याच्या धास्तीनं त्याचा हात खिशाकडे जाईना.

"कोनी गेलं न्हाई, तात्या," तो कसाबसा म्हणाला. "घरी जाऊ आपन." आणि मग त्याला रडू फुटलं. निळ्या दिव्यांखाली, गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं असताना, तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

तात्या आत आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. दुःखाच्या घरी गेल्यावर ठेवतात तसा त्यांनी ओमच्या खांद्यावर हात ठेवला. आरशात तो हात नीट दिसत होता. खांद्याला काहीच लागत नव्हतं.

"रडू नगं," तात्या म्हणाले. "मी हाय ना."