दोघं आत, एकजण बाहेर

खाकी कापडाच्या छोट्या तंबूत दोघं शिरली. आता एकाने बाहेर पडायचं होतं.

पक्ष्याला मोजता येत नाही, या एका गोष्टीवर सगळं चालायचं. दोन माणसं आत जाताना तो बघतो, एक निघून जाताना बघतो, आणि तंबू रिकामा झाला असं समजून घरट्याकडे येतो. गेले दोन पावसाळे बोरिवलीच्या या जंगलात मार्तंड आत कॅमेऱ्यापाशी थांबत होता आणि त्याची धाकटी बहीण वसुधा बाहेर जात होती. कान्हेरीच्या वाटेवर एखाद्या दगडावर बसून ती पुस्तक वाचायची. घरट्यावर आलेला एकही पक्षी तिने पाहिला नव्हता. पाहिले होते ते मार्तंडाचे फोटो.

"आज तू जा, दादा," ती म्हणाली.

"वेडी आहेस? पिल्लं आज-उद्या उडतील. आणि इथे मिळत नाही म्हणून मुद्दाम एडनहून मागवलेला रंगीत रोल आहे हा."

"म्हणूनच. घरट्यापर्यंतचं अंतर मी दोरीने मोजलंय. घरट्याच्या तोंडावर ऊन कधी येतं नि किती वेळ टिकतं, तेही बघून ठेवलंय. बी.एस्सी. झालीस की एक पक्षी तुझा, असं कबूल केलं होतंस."

"कावळा म्हणालो असेन."

"नवरंग म्हणालास. नीघ."

मार्तंड निघाला. वाकून, झुडपांआडून, पाऊल न वाजवता. पक्ष्यांच्या आसपास तो असाच वावरायचा.

वसुधाने कॅमेऱ्याला डोळा लावला. थोड्या वेळाने चोचीत गांडुळं घेऊन नवरंग समोरच्या फांदीवर आला. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा तुकडा, पोटाखाली लाल. दादाच्या फोटोंत हे सगळं राखाडी असायचं.

पण तो खाली उतरेना. आखूड शेपटी हलवत तंबूकडेच बघत राहिला आणि उडून गेला. घरट्यात पिल्लं ओरडत होती. घरट्याच्या तोंडावरचं ऊन सरकायला लागलं होतं.

वसुधा बाहेर आली आणि धावत जाऊन तिने मार्तंडाला वाटेवर गाठलं.

"चोरासारखा काय गेलास रे? तू गेलास हे त्याला दिसलंच नाही."

"अगं, मी जराही आवाज होऊ दिला नाही!"

"तिथेच घोटाळा झाला. चल परत. पुन्हा दोघं आत जायचं, आणि मग तू माणसासारखा बाहेर पड. बोलत बोलत."

"एकट्याने? काय बोलू?"

"मी बोलायचेच की."

"मला वाटायचं, तू गाणं म्हणतेस."

"तुझ्याबद्दल बोलायचे. तोंडावर सांगता येत नाही ते."

मार्तंड बघतच राहिला. "दोन पावसाळे?"

"अजून बरंच शिल्लक आहे. चल, ऊन जातंय."

दोघं पुन्हा आत शिरली. मार्तंड बाहेर आला, ताठ उभा राहिला आणि मोठ्याने खाकरला.

"आमची वसू," त्याने रानाला सांगायला सुरुवात केली, "एक नंबरची हट्टी! न विचारता माझी सायकल नेते. पंक्चर झाली की गुपचूप आणून ठेवते. आता तर कॅमेऱ्यावरच बसलीय!"

आवाज वाटेने लांब जाऊ लागला. आत वसुधाने हसू दाबून धरलं. कॅमेऱ्याची तिवई हलून चालणार नव्हतं.

फांदीवर हिरवं काहीतरी येऊन बसलं.

"पण एक सांगतो," दुरून मार्तंडाचा आवाज आला, "हे तिच्या कानावर घालू नका कुणी..."

पुढचं तिने ऐकलं नाही. नवरंग घरट्याच्या तोंडाशी उतरला होता.